मोठ्या शहरात जाण्याची अकरा कारणं

४ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

नवी डायरी सुरू. कंपाउंडरने दिली. औषध कंपनीची आहे, त्यामुळे प्रत्येक पानाच्या तळाशी आरोग्याचा एक सल्ला छापलेला. आजचा: 'प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा.' मला दात एकोणीस.

असो. आजची घटना लिहून ठेवतो.

बाकावर मी आज पाचवीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हटली. सात कडवी आहेत. तिसऱ्या कडव्याला कंडक्टरने घड्याळ पाहिलं. चौथ्याला कंपाउंडरने जांभई दिली, तीही तोंडावर हात न ठेवता. पाचव्याला पोस्टमास्तर म्हणाले, "कविराज, ही गेल्या मंगळवारी झाली की."

झाली! कविता म्हणजे काय देवीची लस आहे, एकदा टोचली की झाली?

हे बाक कोणी उभं केलं? मी. म्हणजे लोखंडी सांगाडा नगरपालिकेचा, पण त्याला आत्मा मी दिला. पाण्याच्या टाकीमागे चार रिटायर्ड माणसं रोज पाचला जमतात आणि शाळेतली एकेक कविता पाठ म्हणतात, ही कल्पना माझी. पाच नियम माझे, माझ्या हस्ताक्षरात. हजेरीचं रजिस्टर मी ठेवतो. अकरा वर्षं. बाकाच्या टोकाची चौथी जागा, जिथली फळी तुटलेली आहे, ती मी स्वतःहून घेतली. खाली घडी घालून पेपर ठेवतो. कधी बोललो नाही.

आणि मला कविता कशा येतात, हेही यांना ठाऊक आहे. शाळेत चौतीस वर्षं हेडक्लार्क होतो. माझं टेबल पाचवी 'ब'च्या भिंतीला लागून. पलीकडून बाई शिकवायच्या, अलीकडे मी दाखले लिहायचो. सगळ्या कविता पाठ. ओढ्याच्या कवितेत बाई ज्या ओळीला खोकायच्या, तिथे मी आजही क्षणभर थांबतो.

निश्चय: यांना माझी किंमत कळली पाहिजे. कशी, ते उद्या ठरवू.

५ जानेवारी, सकाळी ६.१५

सुचलं!

मी हे गाव सोडून मोठ्या शहरात राहायला जातो. म्हणजे जात नाही. जातो असं सांगतो.

लेक आणि जावई तिथेच असतात. जावई दिवाणखान्यात विसरून गेलेला, ते बिल्डरचं रंगीत पुस्तक अजून घरात आहे: 'सर्वांत वेगाने वाढणारं, चैतन्याने सळसळणारं शहर! इथे येण्याची दहा कारणं.' दहा? मी अकरा लिहीन.

पुढचा कार्यक्रम असा. पहिला दिवस: घोषणा. सन्नाटा. दुसरा दिवस: पोस्टमास्तरांचा कंठ दाटतो. तिसरा: कंडक्टर माझा हात धरून ठेवतो. चौथा: कंपाउंडर म्हणतो, आमचं चुकलं. पाचव्या दिवशी मी विरघळतो. ओढ्याची कविता, सातही कडवी. कोणी घड्याळ बघणार नाही.

हिला सांगायची गरज नाही. बायकांना नाटक कुठलं आणि खरं कुठलं ते कळत नाही.

६ जानेवारी, संध्याकाळी ७.००

घोषणा केली.

पोस्टमास्तर ताडकन उठले. मला वाटलं, चक्कर येतेय. पण त्यांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला आणि म्हणाले, "वा! कविराज, वा!" कंडक्टर म्हणाला, "कधी निघताय?" कंपाउंडर म्हणाला की उंच मजल्यावर काही दिवस कानांना दडे बसतात, तो गोळ्या लिहून देईल.

मोठा धक्का बसलेला दिसतो. धक्क्यात माणूस असंच काहीतरी बोलतो.

७ जानेवारी, दुपारी

कारणं लिहिली. नुसती घोषणा हवेत विरते. कागद दिसला की माणूस हादरतो, हा चौतीस वर्षांचा अनुभव.

पहिलं कारण: लेक एकटी आहे. (नवरा आहे, मुलगी आहे, ऑफिसात चारशे माणसं आहेत. पण तसं पाहिलं तर माणूस एकटाच असतो.) दुसरं: मोठी इस्पितळं, डोळ्यांपासून टाचेपर्यंत वेगवेगळे डॉक्टर. (मला काही होत नाही. पण झालं तर?) तिसरं: तिथले रस्ते अहोरात्र जागे असतात. (मी नऊला झोपतो. रस्त्यांना जागायचं तर जागू देत.) चौथं: मेट्रो. पाचवं ते नववं बिल्डरच्या पुस्तकातून घेतली, भाषा सुधारून. दहावं: कवितेला श्रोते. नव्वद लाख वस्ती. हजारातला एक धरला तरी नऊ हजार. एवढे बाकावर मावणार नाहीत.

अकरावं कारण माझं स्वतःचं. पाणी वाहतं राहिलं तरच नितळ राहतं. ओढ्याची कविता मनात घोळत होती, त्यातून सुचलं. लिहून झाल्यावर स्वतःच गहिवरलो. क्षणभर वाटलं, खरंच जावं की काय. पाणी प्यायलो, मग ठीक वाटलं.

८ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

बाकावर अकराही कारणं मोठ्याने वाचली. कंठ कोणाचाच दाटला नाही. पण एकाग्रता जबरदस्त! ओढ्याच्या कवितेला याच्या निम्मी असती तरी ही वेळ आली नसती.

कंपाउंडरने दुसरं कारण पुन्हा वाचायला लावलं. डोळ्यांचं ऑपरेशन तिथे एका दिवसात होतं का, असं विचारत होता. कंडक्टरने विचारलं, मेट्रोत कंडक्टर असतात का? नसतात, म्हटलं. त्याने खांद्यावरची नसलेली पिशवी चाचपली. मग म्हणाला, "मग दारं कोण लावतं?" आपोआप लागतात म्हटल्यावर म्हणाला, "एकदा बघायला पाहिजे." पोस्टमास्तरांनी कागदाची नक्कल मागितली. लगेच बाकीच्या दोघांनीही मागितली.

घरी येऊन कार्बन लावून तीन प्रती काढल्या. माझी आठवण म्हणून जपून ठेवणार बहुतेक.

११ जानेवारी, सकाळी १०.००

घात झाला.

कंपाउंडरच्या बायकोने शिंप्याच्या दुकानात आमच्या हिचं अभिनंदन केलं. ही घरी आली ती चपला न काढताच आत आली. मला वाटलं, आता कडाडणार. मी म्हणणार होतो, अगं, गंमत आहे ती. तर म्हणाली, "अहो, शेवटी सुचलं म्हणायचं तुम्हाला! नऊ वर्षं वाट बघतेय मी."

नऊ वर्षं! एका घरात राहून!

मी "अगं, पण" म्हणेपर्यंत हिने लेकीला फोन लावलासुद्धा. फोनवर लेक बराच वेळ काही बोललीच नाही. आनंदाने वाचा बसली असेल. मग विचारलं, "बाबा? आपले बाबा?" आणि मग म्हणाली, "या ना, या ना. फक्त त्या खोलीत सध्या ट्रेडमिल आहे."

करायला गेलो एक. असो. अजून हातातून काही गेलेलं नाही.

निश्चय: मागे फिरायचं, पण मानाने. त्यासाठी कोणीतरी एकाने "जाऊ नका" म्हटलं पाहिजे. एकच माणूस पुरे.

१५ जानेवारी, दुपारी

न्हाव्याकडे गेलो. तीस वर्षं माझं डोकं याच्या हाती. म्हटलं, हा नक्की अडवेल. सांगितलं. कात्री थांबली. मी डोळे मिटले. तो म्हणाला, "जा की बिनधास्त. तुमच्या डोक्यावर आता मला काम तरी काय उरलंय?"

वर आणखी, तिथे एसी सलून असतात म्हणे.

१९ जानेवारी

पंचवीस तारखेला निरोप समारंभ. बाकावरच. पोस्टमास्तरांनी परस्पर ठरवलं. मी नको नको म्हटलं, पण ते त्यांना विनय वाटला.

वाईटातून चांगलं बघावं. समारंभ म्हणजे सुवर्णसंधी. भाषणाला उभा राहीन, दोन वाक्यांत आवाज फुटेल, आणि म्हणेन, "मित्रहो, पाय निघत नाही, मी जात नाही!" टाळ्या. आरशासमोर रडण्याचा सराव केला. ही आत येऊन म्हणाली, "डोळ्यांत काही गेलंय का? ड्रॉप्स घालू?"

२५ जानेवारी, संध्याकाळी ८.००

बॅग दिली. चाकांची. निळी. ज्याला थांबवायचं असतं त्याला कोणी चाकांची बॅग देत नाही.

कंपाउंडरच्या डोळ्यांतून धार लागली होती. माझं काळीज हललं. जवळ जाऊन म्हटलं, "अहो, सावरा." तो म्हणाला, मोतीबिंदू तपासायला थेंब घातलेत, तासभर असंच वाहणार.

मग मी उभा राहिलो. आवाज बरोब्बर फुटला. म्हटलं, "मित्रहो, पाय..." आणि इतक्यात कंडक्टर उठला. नोकरीतली ती घंटेची दोरी त्याने रिटायर होताना आठवण म्हणून आणली होती. आज पिशवीतून घंटेसकट आणलेली. दोनदा ओढली. टण् टण्. दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. सगळे हसले, टाळ्या झाल्या, चहा आला. भाषण संपलं असं सगळेच धरून चालले.

माझं पुढचं वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

पानाखालचा सल्ला: 'मन मोकळं करा.' कोणापुढे?

२६ जानेवारी, संध्याकाळी ६.००

तिकिटं दोन फेब्रुवारीची. म्हणजे अजून आठवडा इथेच. नेहमीप्रमाणे पाचला बाकावर गेलो.

माझ्या जागेवर दंतवैद्य!

हा इसम चार वर्षं बाकाशेजारी उभा असायचा. जागा चारच, म्हणून प्रतीक्षा यादीत. कविता म्हणतो ती अर्धी दुसऱ्याच कवितेतली असते. माझे तेरा दात यानेच काढले. आधी दात, आता जागा.

मी म्हटलं, ही काय नवी पद्धत? पोस्टमास्तरांनी खिशातून नियमांचा कागद काढला. नियम पाचवा: 'ज्यास समारंभपूर्वक निरोप दिला गेला, त्याची जागा दुसऱ्याच दिवशी भरावी. रिकामी जागा मन खिन्न करते.' आधी बाकावर बसणारे घड्याळजी वारले तेव्हा मीच लिहिला होता. अक्षर सुरेख आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. तेही एकोणीसच.

कंडक्टर म्हणाला, "उभं राहून ऐका हवं तर. स्टँडिंग चालतं."

मी म्हटलं, पॅकिंग आहे. घरी आलो.

२८ जानेवारी

बाहेर पडणं बंद. निरोप दिलेला माणूस गावात दिसला की लोक "अजून इथेच?" म्हणतात. दूधवाल्याने काल विचारलं. केमिस्टने आज. जणू मी त्यांच्या खुर्चीवर बसलोय.

संध्याकाळी टाकीच्या आडून सहज पाहिलं. माझ्या जागेवरची तुटकी फळी बदलली आहे. नवी कोरी, पॉलिश केलेली. दंतवैद्याने दोन दिवसांत बसवून घेतली.

अकरा वर्षं मी पेपर टाकून बसलो. एकाला सुचलं नाही.

(मलाही सुचलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०, गाडीत

निघालो. ही खिडकीशी. डबा उघडलासुद्धा.

सोडायला एकटे पोस्टमास्तर आले होते. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण निघेना. चष्मा पुसला, पुन्हा घातला. शेवटी म्हणाले, "कविराज, तिथे गेल्यावर पत्र टाका. पण खरं खरं लिहा हं. कसं आहे ते. आम्ही वाट बघतोय."

म्हटलं, नक्की. बिचारे. माझ्या वियोगाने अर्धे झालेत. आता उशीर झाला, मास्तर! तीस दिवसांपूर्वी चष्मा पुसला असतात तर?

५ फेब्रुवारी, सकाळी

चौदावा मजला. खोली छान आहे. ट्रेडमिल तीन चतुर्थांश खोलीत, मी उरलेल्यात. तिच्यावर कोणी चालत नाही, कपडे वाळत घालतात. रोज डोळे उघडले की समोर जावयाची पँट.

खिडकीतून आठ क्रेन दिसतात. शहर वेगाने वाढतं, यात बिल्डरने थाप मारलेली नाही. आलो तेव्हा दूरवर एक टेकडी दिसत होती. काल अर्धी दिसली. आज नाही.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५

उद्यान सापडलं. बाकं उत्तम, स्टेनलेस स्टीलची, पण प्रत्येक बाकाला मध्ये दोन लोखंडी कठडे. एकावर तीन माणसं बसतात, तिघंही एकेकटी.

शेजारी एक गृहस्थ होते. चेहरा रसिक. मी सहज ओढ्याची कविता सुरू केली. पहिल्या कडव्याला ते म्हणाले, "हं, बरोबर." दुसऱ्याला म्हणाले, "परत एकदा सांगा." मी परत म्हटलं. अंगावर काटा आला! नव्वद लाखांतला पहिला मला सापडला होता. तिसऱ्या कडव्याला म्हणाले, "नाही, एवढी रजा मिळणार नाही." तेव्हा त्यांच्या कानातलं पांढरं बोंडूक दिसलं.

तरी लय त्यांना आवडली असावी. पाय हलत होता.

मित्रांना पत्र टाकलं. लिहिलं: 'येथे कवितेचे श्रोते पावलोपावली भेटतात. आजच एका गृहस्थाने एक कडवे पुन्हा म्हणावयास लावले.' यात खोटं एक अक्षर नाही.

१४ फेब्रुवारी

नात नववीत आहे. म्हणाली, "आजोबा, तुमच्या कविता रेकॉर्ड करते." डोळे भरून आले. रक्ताचं नातं शेवटी वेगळंच. ओढ्याची कविता सात कडवी सावकाश म्हटली, बाई खोकायच्या तिथे थांबलो. तिने मग मोबाइलवर दुप्पट वेगाने लावली आणि म्हणाली, "आता मस्त वाटतेय. मधे तुम्ही अडकता, तेवढं कापू का?"

मी अडकत नाही. तिथे बाई आहेत. पण हे नातीला कसं सांगणार.

१७ फेब्रुवारी, दुपारी

घरी एकटाच. ही मेट्रोने गेली आहे. कुठे, ते मला नीट कळलं नाही.

पंधरा दिवसांत हिने बारा मैत्रिणी केल्या. सगळ्या सत्तरीच्या आसपास. सगळ्या हिला 'कॅप्टन' म्हणतात. कालपासून पोहायला जायला लागली आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला पाण्याची आवड आहे, हे मला माहीत नव्हतं. विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही ओढ्याची कविता रोज म्हणायचात. एकदा तरी ओढ्यावर नेलंत का?"

मला म्हणते, तुम्हीही चला. माझे गुडघे. शिवाय मी तिथे कोण म्हणून जाणार? कॅप्टनचे मिस्टर?

मित्रांना दुसरं पत्र: 'अकराही कारणे अनुभवाने सिद्ध झाली. सौ. तर पाण्यातल्या माशासारखी रमली.'

२५ फेब्रुवारी

पोस्टमास्तरांचं उत्तर. अक्षर गिचमिड. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, स्वतः लिहिण्याचा सराव नाही.

लिहितात: 'तुमची दोन्ही पत्रे बाकावर तीन तीन वेळा वाचली. कंडक्टरने मेट्रोचा मजकूर आणखी मागितला आहे. कविराज, तुमच्या शब्दावर आमचा भरवसा आहे म्हणून विचारतो. आमच्यासारख्यांना तिथे जमेल का? मनापासून सांगा.'

वाचून इतकं बरं वाटलं! जळताहेत. मनातून कासावीस झालेत. माझ्याशिवाय बाक अळणी झालं असणार, म्हणून असं आडून आडून विचारतात.

खरं लिहायचं मनात आलं. टेकडी, कठडे, ती पँट, सगळं. पेन उघडलं. मग ती पॉलिश केलेली फळी डोळ्यांसमोर आली.

लिहिलं: 'विचारता काय? डोळे मिटून या!'

असं लिहायची पद्धत असते. लेक नाही का म्हणाली, या ना, या ना.

९ मार्च, सकाळी ११.००

स्वयंपाकघरातून आवाज येत होता. मी कान दिला नाही, तो आपोआप गेला. लेक जावयाला सांगत होती, "आई मजेत आहे रे. बाबांचंच कळत नाही. दिवसभर ट्रेडमिलकडे तोंड करून बसतात." जावई म्हणाला, "आपण त्यांना गावाला परत जायचंय का विचारू या का?" लेक म्हणाली, "कसं विचारणार? अकरा कारणं लिहून आलेत ते."

जावई चांगला आहे. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

निश्चय: परत जायचं. कारण: घर बंद आहे, खिडक्या उघडायला हव्यात. बंद घराला वास येतो. अगदी जबाबदारीचं कारण आहे. त्या अकरापैकी एकही इतकं भक्कम नव्हतं.

हिला सांगितलं. वाटलं, लगेच बॅग भरायला घेईल. केस पुसत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येऊन बघून जाईन सहा महिन्यांनी."

बघून जाईन! स्वतःच्या घरी! बेचाळीस वर्षं!

पण मग तिने निळ्या बॅगेत माझे कपडे भरले, वर गुडघ्याचं मलम ठेवलं, आणि म्हणाली, "अहो, बाकावर जाऊन सरळ सांगा, मला करमेना. एवढंच सांगा. त्यात लाज कसली?"

लाज नाहीच. पण सरळ सांगायचं म्हणजे जरा अती होतं.

१२ मार्च, दुपारी ४.१५

घरी पोचलो. खिडक्या उघडल्या. खरंच वास येत होता. म्हणजे कारण खरं ठरलं.

आता कार्यक्रम असा. बरोबर पाचला टाकीच्या कोपऱ्यावरून वळायचं. घाईने नाही. हात मागे बांधून. आधी कंडक्टरला दिसेन, त्याची नजर लांबची. तो ओरडेल. तिघे उठतील. दंतवैद्यालाही उठावंच लागेल. मी म्हणेन, "मित्रहो, तुमच्यासाठी आलो." हिने सांगितलेलं वाक्य राखीव ठेवतो. गरज पडली तर.

१२ मार्च, संध्याकाळी ६.३०

बाकावर दंतवैद्य. एकटा. मांडीवर माझं रजिस्टर.

मी विचारलं, बाकीचे कुठे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत तोंड उघडलं. सवय.

म्हणाला, "तुम्हीच विचारा. डोळे मिटून या, कोणी लिहिलं होतं?"

कंपाउंडर एक तारखेला भावाकडे गेला. डोळ्याचं इस्पितळ तिथून दोन गल्ल्यांवर. कंडक्टर पाच तारखेला लेकीकडे. मेट्रोच्या यार्डाला लागून घर, गॅलरीतून गाड्या मोजतो म्हणे. पोस्टमास्तर परवा गेले, मुलाकडे. तिघेही त्याच शहरात. तीन दिशांना, मेट्रो बदलत बदलत दोन-दोन तासांवर. येत्या रविवारी तिघे मिळून माझ्याकडे चौदाव्या मजल्यावर अचानक येणार आहेत. मला चकित करायला.

मी म्हटलं, मला न कळवता? अकरा वर्षांच्या मैत्रीनंतर? हा विश्वासघात आहे.

दंतवैद्य चिडला. म्हणाला, "विश्वासघात? पोस्टमास्तरांचा मुलगा सहा वर्षं बोलावतोय. कंडक्टरची लेक चार. कंपाउंडरला उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही, तारीख मिळत होती तरी गेला नाही. का, माहीत आहे? तिघांचं ठरलं होतं, कविराज आहेत तोवर हलायचं नाही. एकटे पडतील. त्यांच्या कविता कोण ऐकणार? तुम्ही जातो म्हणालात त्या दिवशी पोस्टमास्तर घरी जाऊन पहिल्यांदा मुलाला हो म्हणाले."

मी मागे बांधलेले हात सोडले.

तो पुढे म्हणाला की ते तुमच्यासाठी थांबलेत हे तुम्हाला ठाऊक असेल असं आम्हाला वाटत होतं. मग रजिस्टर माझ्या हातात दिलं. चार वर्षं उभा राहिलो, म्हणाला, चौघांत बसायला मिळावं म्हणून. बसलो आणि दीड महिन्यात बाक रिकामं. उद्यापासून संध्याकाळचा दवाखाना पुन्हा सुरू करतोय. जाताजाता म्हणाला, "वरची दाढ दाखवून जा. आ केलात तेव्हा दिसली. हलतेय."

हिचं वाक्य राखीव होतं. सांगायला कोणी नव्हतं. फोन लावला. ही म्हणाली, "आत्ता नको हो, पाण्यात उतरतेय."

१३ मार्च, संध्याकाळी ६.००

पोस्टमास्तरांना पत्र टाकलं: 'रविवारी येऊ नये. मला तिथे करमेना, परत आलो. आपण सगळे मजेत राहावे. कंपाउंडरच्या डोळ्याचे कळवावे.' एवढंच. अलंकार नाहीत.

पाचला बाकावर गेलो. चारही जागा रिकाम्या. टोकाच्याच जागेवर बसलो. फळी चांगली आहे. पेपर लागला नाही.

हजेरी घेतली. हजर: एक.

ओढ्याची कविता म्हटली. सातही कडवी. बाई खोकायच्या तिथे थांबलो. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

घरी येऊन जेवलो. पानाखाली पुन्हा तेच: 'प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा.' कंपनीचे सल्ले संपले वाटतं. आज चावले. वेळ होता.